जीएफपी पिढीगणिक विझत गेलं, जीन मात्र जागच्या जागी! सूत्रकृमीला परकं जीन ओळखू कसं येतं?

शेवटची_लोकल

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे पण पूर्ण वाचा प्लीज, कारण अर्धवट सांगितलं की सगळे "प्लेट कंटॅमिनेट झाली असेल" एवढंच म्हणतात आणि ते ऐकून ऐकून मी आता थकलेय.

मी एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, मुंबईतच, प्रोजेक्ट सी. एलेगन्सवर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा एक सूत्रकृमी, जेमतेम एक मिलिमीटर, काचेसारखा आरपार दिसणारा, कुजक्या फळांत नि कंपोस्टमध्ये बॅक्टेरिया खाऊन जगणारा. २० डिग्रीला ठेवला तर साडेतीन दिवसांत अंड्यापासून पुढची अंडी घालण्यापर्यंत पोचतो. आमच्याकडे आलेल्या स्ट्रेनमध्ये जर्मलाईनमध्ये (म्हणजे अंडी आणि शुक्राणू बनवणाऱ्या पेशींत) चालणाऱ्या एका जीनला जीएफपी (जेलीफिशमधून घेतलेलं, हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचं जीन) जोडलंय, गुणसूत्रात एकच कॉपी. पहिल्यांदा फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपखाली बघितलं तेव्हा किड्याच्या पोटात अंडपेशींची रांग आणि प्रत्येकीचं केंद्रक हिरवंगार, मटारची शेंग उजेडासमोर धरली की आतले दाणे दिसतात ना, अगदी तसं. मी त्या दिवशी घरी जाऊन आईला फोटो दाखवले.

चौथ्या-पाचव्या पिढीपासून काही किडे अंधुक दिसायला लागले. आठव्या पिढीत पूर्ण अंधार. मार्गदर्शकांचं म्हणणं मी प्लेटा मिसळल्या, दुसरी स्ट्रेन घुसली. म्हणून मी परत सुरुवातीपासून केलं, एकेक किडा प्लॅटिनमच्या तारेने उचलून वेगळ्या प्लेटवर, बारा प्लेटा, प्रत्येकीवर तारीख, पॅराफिल्म गुंडाळलेली. बारापैकी सात विझल्या. पीसीआर (ठराविक डीएनए आहे का हे बघायची चाचणी) केला, जीएफपी आहे. सिक्वेन्सिंगला पाठवलं, एक अक्षर बदललेलं नाही. म्हणजे जीन आहे तिथेच आहे, नुसतं बोलायचं बंद झालंय, आणि ते बंद होणं पोरानातवंडांत उतरतंय.

थोडं वाचल्यावर कळलं की यामागे छोटे आरएनए असतात. पण माझा खरा प्रश्न वेगळाय. जीएफपी जेलीफिशचं. किड्याने जेलीफिश जन्मात पाहिला नाही, त्याच्या पूर्वजांनीही नाही. मग हे आपलं नाही हे त्याला कळतं कसं? आणि निसर्गात कोण त्याच्या अंगात सुईने जेलीफिशचं जीन टोचायला बसलंय? मग ही एवढी यंत्रणा उत्क्रांतीत आली कशासाठी? कुणी सविस्तर सांगेल का?

---

कुलाबा_वारा

अगं पहिल्यांदा हे ऐक, तुझी चूक नाहीये. बारापैकी सात विझल्या आणि पाच नाही, यातच उत्तर आहे. मिसळामिसळ झाली असती तर पीसीआरमध्ये जीएफपी गायब दिसलं असतं. माझी पीएचडी याच किड्यावर झाली आणि जर्मलाईनमध्ये जीएफपी विझणं हा प्रकार या किड्यावर काम करणाऱ्या बहुतेक लॅब्जनी कधी ना कधी बघितलेला असतो. १९९४ मध्ये मार्टिन चाल्फीने पहिल्यांदा जीएफपी या किड्यात घातलं ते स्पर्श ओळखणाऱ्या चेतापेशींमध्ये, आणि तिथे ते छान चमकत राहिलं. शरीराच्या इतर पेशी तशा सोशिक आहेत. जर्मलाईन नाही, कारण तिथे जे घुसलं ते पुढच्या प्रत्येक पिढीत जाणार.

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेतो. सुईने कोणी टोचत नाही, पण ट्रान्सपोझॉन असतात. जीनोममध्ये इकडून तिकडे उड्या मारणारे डीएनएचे तुकडे, या किड्यात टीसी१ नावाचा एक प्रसिद्ध आहे. ते उडी मारून एखाद्या कामाच्या जीनच्या मधोमध बसले की जीन खलास. १९९९ मध्ये एमयूटी-७ नावाचं जीन सापडलं, ते बिघडलं की दोन गोष्टी एकदम होतात, जर्मलाईनमध्ये ट्रान्सपोझॉन मोकाट सुटतात आणि आरएनएआय (आरएनए वापरून जीन गप्प करण्याची प्रक्रिया) चालेनासा होतो. दोन्हीमागे एकच यंत्रणा आहे हे तेव्हा उघड झालं. शिवाय व्हायरस आहेतच. २०११ मध्ये फ्रान्समधल्या ऑर्से गावच्या कुजक्या सफरचंदातल्या किड्यांमध्ये या जातीचा पहिला नैसर्गिक व्हायरस सापडला, त्याला ऑर्से व्हायरसच म्हणतात, आणि ज्या किड्यांची आरएनएआय यंत्रणा लंगडी असते त्यांच्यात तो जास्त वाढतो. म्हणजे शत्रू खरेच आहेत, जेलीफिशचं जीन फक्त त्या जाळ्यात सापडलं.

आता यंत्रणा. १९९८ मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी दुहेरी आरएनए किड्यात टोचला, यूएनसी-२२ या स्नायूंच्या जीनशी जुळणारा. किडे थरथरायला लागले, जीन बंद पडल्यावर थरथरतात तसे. एकेरी आरएनए टोचला तर जेमतेम काही व्हायचं, दुहेरीचे पेशीमागे मोजके रेणू पुरायचे. २००६ चं नोबेल त्यावर. पण मोजके रेणू पुरतात कसे हे तेव्हा कोडंच होतं. ते सुटलं तेव्हा कळलं की या किड्याकडे आरएनए बघून नवा आरएनए लिहिणारं एन्झाइम आहे, आरडीआरपी म्हणतात त्याला. पहिला छोटा आरएनए नुसता बोट दाखवतो, की हा मेसेज (जीनवरून प्रथिनासाठी लिहिला जाणारा आरएनए) संशयित. मग आरडीआरपी त्या मेसेजवर बसून त्याच्या उलट २२ अक्षरी तुकडे ढिगाने छापतं, बहुतेक सगळे जी अक्षराने सुरू होणारे, म्हणून नाव २२जी. हे तुकडे आर्गोनॉट जातीची प्रथिनं हातात धरतात आणि जुळणारा मेसेज सापडला की त्याची वाट लावतात.

तुझ्या केसमध्ये पहिलं बोट दाखवणारे बहुधा पीआय-आरएनए असणार. २१ अक्षरी, यू ने सुरू होणारे, पंधरा हजारांहून जास्त प्रकारचे, त्यातले बहुतेक चौथ्या गुणसूत्रावरून एकेक करून लिहिले जातात. त्यांना धरणारं आर्गोनॉट म्हणजे पीआरजी-१. ते मेसेजला हात लावतं, मग २२जी छापले जातात, मग एचआरडीई-१ नावाचं दुसरं आर्गोनॉट ते २२जी घेऊन केंद्रकात जातं आणि तिथे जीनलाच कुलूप लागतं, हिस्टोनवर (ज्या प्रथिनांभोवती डीएनए गुंडाळलेला असतो त्यांवर) खुणा होतात, मेसेज लिहिणंच थांबतं. २०१२ मध्ये तीन-चार लॅब्जनी जवळपास एकाच वेळी दाखवलं की हे कुलूप वीसपेक्षा जास्त पिढ्या टिकतं. आणि महत्त्वाची गोष्ट, एकदा कुलूप लागलं की पीआरजी-१ काढून घेतलं तरी ते उघडत नाही. एचआरडीई-१ काढलं तर उघडतं. लावणारा वेगळा, राखणारा वेगळा.

तुला खात्री करायची असेल तर फ्रीझरमधली मूळ स्ट्रेन वितळव, ती चमकत असेल. विझलेले नर त्या चमकणाऱ्या किड्यांशी क्रॉस कर. तुझं विझणं याच प्रकारचं असेल तर पिल्लं सगळी विझलेली निघतील, चमकणारी कॉपीसुद्धा दुसरीच्या संगतीने गप्प होईल. मेंडेलच्या हिशोबात न बसणारा प्रकार डोळ्यांनी बघायला मिळेल.

---

हार्बरलाईन

मी सॉफ्टवेअरवाला, बायोलॉजी बारावीला सोडली, पण हा धागा पनवेल ते सीएसएमटी पूर्ण वाचला. माझा प्रश्न गणिताचा आहे. २१ अक्षरं, चार प्रकारची, म्हणजे ४ चा २१ वा घात, जवळजवळ ४.४ लाख कोटी शक्यता. त्यातले किड्याकडे पंधरा हजार. जीएफपी ७१७ अक्षरांचं. मग यातला एखादा जीएफपीशी तंतोतंत जुळेल याची शक्यता शून्यच धरा की. आणि जर जुळणी ढिली असेल, थोडं चुकलं तरी चालत असेल, तर मग किड्याची स्वतःची वीस हजार जीन्स पण रोजच्या रोज सापडत राहतील आणि किडा मरून जाईल. दोन्हीकडून अडतंय. माझं काय चुकतंय?

आमच्या सोसायटीच्या वॉचमनसारखं काही असेल का? त्याच्याकडे चोरांचे फोटो नाहीत, फक्त रहिवाशांचं रजिस्टर आहे, जो रजिस्टरमध्ये नाही त्याला थांबवा.

---

कुलाबा_वारा

काही चुकत नाहीये, तू नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंस. या क्षेत्रातल्या लोकांनाही हाच प्रश्न पडला होता.

जुळणी ढिलीच आहे. पीआय-आरएनएच्या सुरुवातीची, दुसऱ्या ते सातव्या जागेपर्यंतची सहा अक्षरं नीट जुळावी लागतात, त्याला सीड म्हणतात, आणि पुढच्या भागात चार-दोन चुका चालून जातात. २०१८ मध्ये याचे नियम दोन पेपरांनी बऱ्यापैकी स्पष्ट केले. आता तुझंच गणित कर, सहा अक्षरं म्हणजे ४०९६ शक्यता, आणि पीआय-आरएनए पंधरा हजारांवर. जगातलं कुठलंही जीन आण, त्यात कुठे ना कुठे कोणी ना कोणी बसणारच. म्हणून जेलीफिश न बघताही जीएफपी सापडतं.

फळमाशीत हे उलट आहे आणि ते बघितलं की फरक लख्ख कळतो. माशीचे पीआय-आरएनए जीनोममधल्या ठराविक वस्त्यांतून येतात, फ्लेमेंको नावाची एक आहे, तिथे जुन्या ट्रान्सपोझॉनची मढी पडलेली असतात आणि त्यांचेच तुकडे पाडून पीआय-आरएनए बनतात. म्हणजे माशीकडे खरोखर गुन्हेगारांचे फोटो आहेत, पूर्वी ज्याने घर फोडलं त्याचा फोटो भिंतीवर. आपल्या किड्याच्या पीआय-आरएनएपैकी बहुतेकांचा कुठल्याच ट्रान्सपोझॉनशी थेट मेळ बसत नाही. टीसी३ वर थेट काम करणारे सापडले, पण तो अपवाद. त्याने फोटो लावायचा नादच सोडला आणि सगळ्यांवर संशय घेण्याचा मार्ग धरला.

मग स्वतःच्या जीन्सचं काय, तर तुझं रजिस्टर. सीएसआर-१ नावाचं अजून एक आर्गोनॉट आहे, तेसुद्धा २२जी धरतं, पण जर्मलाईनमध्ये चालणाऱ्या हजारो स्वतःच्या जीन्सचे, २००९ च्या पेपरात चार हजारांवर मोजली होती. आणि हे धरल्यावर ती जीन्स बंद होत नाहीत, उलट जपली जातात. म्हणजे काय चालू होतं याची नोंद आईच्या अंडपेशीतून पिल्लाकडे जाते. २०१३ मध्ये हेही दिसलं की सीएसआर-१ ची मेहरनजर असलेलं जीन त्याच्याशी जुळणाऱ्या गप्प पडलेल्या जीनला परत बोलतं करू शकतं. पुन्हा स्वतःच्या पुष्कळ जर्मलाईन जीन्सच्या इंट्रॉनमध्ये (जीनमधले, मेसेजमधून कापून टाकले जाणारे तुकडे) दर दहा अक्षरांना एए किंवा टीटी अशी लय असते, पीएटीसी म्हणतात, २०१६ मध्ये दाखवलं की ही लय असली की गप्प करणाऱ्या यंत्रणेपासून बचाव होतो. बॅक्टेरियाच्या किंवा जेलीफिशच्या जीनमध्ये ही लय कुठून येणार. @शेवटची_लोकल, नवीन स्ट्रेन बनवणार असशील तर जीएफपीमध्ये पीएटीसीवाले इंट्रॉन घालून घे, टिकण्याची शक्यता खूप वाढते.

वॉचमन मात्र एका जागी अडतो. वॉचमनचं रजिस्टर सोसायटीने लिहून दिलेलं असतं. इथे रजिस्टर लिहून देणारं कोणी नाही, काल कोण आत होतं तेच आजचं रजिस्टर, आणि ते पिढ्यान्पिढ्या नुसतं उतरवून घेतलं जातं. म्हणून नवीन आलेल्या जीनचा निकाल लागायला काही पिढ्या लागतात आणि सारख्याच बारा प्लेटांचा निकाल वेगवेगळा लागतो. संशय आधी पोचला की ओळख आधी पोचली, यावर सगळं.

---

गोकर्ण

मी बॉटनी शिकवायचे, आता निवृत्त आहे, माटुंग्याला असते. तुमच्या सगळ्या चर्चेत वनस्पती कुठेच नाहीत म्हणून लिहायला बसले, कारण या गोष्टीचा एक धागा आमच्याकडून जातो.

१९९० मध्ये पेटुनियाच्या फुलाचा जांभळा रंग अजून गडद करायला रंगाचं जीन वरून एक जास्तीचं घातलं तर फुलं चक्क पांढरी आली, काही पांढरे पट्टे घेऊन आली. घातलेलंही बंद आणि घरचंही बंद. मी तेव्हा वर्गात ते फुलांचं चित्र दाखवायचे आणि प्रामाणिकपणे सांगायचे की याचं कारण अजून माहीत नाही. किड्यातला दुहेरी आरएनए आठ वर्षांनी आला. मला आजही वाटतं की पेटुनियाला तिच्या वाट्याचं श्रेय मिळालं नाही.

तर मुलांनो, उत्क्रांतीचं कोडं इथून उलगडा. आर्गोनॉट, दुहेरी आरएनए कापणारं डायसर आणि आरडीआरपी, ही तिन्ही वनस्पतीत आहेत, बुरशीत आहेत, सूत्रकृमीत आहेत. इतक्या लांबच्या नातेवाईकांकडे तीच भांडी असतील तर ती पणजीच्याही आधीची असणार, सगळ्या केंद्रकवाल्या सजीवांच्या सामाईक पूर्वजाकडे होती. मग फळमाशीने आरडीआरपी गमावलं, पाठीचा कणा असलेल्यांनी म्हणजे तुम्हीआम्हीही गमावलं. सूत्रकृमींनी ठेवलं, नुसतं ठेवलं नाही तर त्याच्याभोवती संसार वाढवला. माणसाकडे आर्गोनॉट कुटुंबातली आठ प्रथिनं, या एक मिलिमीटरच्या जिवाकडे चालू असलेली एकोणीस, आणि त्यातली मोठी शाखा, जिला वागो म्हणतात, ती खास सूत्रकृमींचीच.

पण म्हणून सगळे सूत्रकृमी सारखे नाहीत, आणि मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट हीच वाटते. सूत्रकृमींचे पाच मोठे गट करतात. पीआय-आरएनए फक्त पाचव्या गटात उरलेत, म्हणजे सी. एलेगन्स आणि त्याचे भाऊबंद. २०१५ मध्ये अनेक जातींचे छोटे आरएनए वाचून बघितले तेव्हा बाकी गटांत पीआय-आरएनएही नाहीत आणि त्यांना धरणारं प्रथिनही नाही असं निघालं. टोमॅटो-डाळिंबाच्या मुळांवर गाठी करणारा आपला शेतातला सूत्रकृमी त्यातलाच. प्राण्यांत ट्रान्सपोझॉनविरुद्धची मुख्य ढाल म्हणून ज्याची ओळख, ती ढालच हरवली आणि तरी हे जगले! का, तर आरडीआरपी आणि डायसर ही जुनी भांडी घरात होती, ती पुढे आली आणि ट्रान्सपोझॉनविरुद्धचे छोटे आरएनए त्यांच्याकडून बनायला लागले. आणि सूत्रकृमींच्या झाडाच्या बुंध्याजवळून फुटलेल्या फांदीवर, जिथे डुकराच्या मांसातून माणसात येणारा ट्रायकिनेला बसतो, तिथे तर छोटे आरएनए थेट डीएनएवर मेथिलेशनच्या (छोटा रासायनिक गट चिकटवण्याच्या) खुणा करायची वाट दाखवतात, अगदी आमच्या वनस्पतींसारखं. सी. एलेगन्समध्ये ते मेथिलेशन नाहीसं झालंय, तो हिस्टोनवरच्या खुणांवर भागवतो.

एकच यंत्रणा पायरी पायरीने सुधारत गेली असं चित्र मनात असेल तर ते काढून टाका. घरातल्या पाच सुना एकाच स्वयंपाकघरात शिकल्या आणि वेगळ्या निघाल्यावर एकीने खलबत्ता ठेवला, एकीने पाटा ठेवला, वाटण मात्र प्रत्येकीकडे होतंच. वाटणाशिवाय कोणाचंच चालत नव्हतं.

---

डॉ_परळ

वा, गोकर्णबाई, डाळिंबाचा उल्लेख केलात म्हणून पेशंटकडच्या सूत्रकृमींबद्दल थोडं. हत्तीरोगाचे कृमी तिसऱ्या गटातले, जंत म्हणजे एस्कॅरिसही तिथलाच. दोन्हींकडे पीआय-आरएनए नाहीत. एस्कॅरिसमध्ये अजून एक अघोरी प्रकार आहे, भ्रूण वाढताना शरीराच्या पेशी आपल्याच जीनोमचा मोठा भाग, डुकराच्या एस्कॅरिसमध्ये सुमारे १३ टक्के, कापून टाकून देतात. जर्मलाईनमध्ये तो तसाच राहतो. त्याच्या जवळच्या घोड्याच्या जंतात थिओडोर बोव्हेरीने १८८७ मध्येच हे गुणसूत्रांचं तुटणं बघितलं होतं. नुसतं गप्प करण्याऐवजी फेकूनच द्यायचं.

विदर्भात चंद्रपूर, गडचिरोलीकडे हत्तीरोगाच्या सामुदायिक औषधांच्या मोहिमा अजून चालतात, ते पाय मी प्रत्यक्ष बघितलेत, त्यामुळे माझा रस औषधात. आरएनएआय वापरून हे कृमी मारता येतील का अशी आशा होती. अडचण अशी की सी. एलेगन्सला दुहेरी आरएनए बनवणारे बॅक्टेरिया नुसते खायला घातले तरी त्याच्या अंगभर जीन बंद पडतं, एसआयडी-१ सारखी प्रथिनं आरएनए आत ओढून घेतात. बऱ्याच परजीवी कृमींत या प्रथिनांचा पूर्ण संच नाही, त्यामुळे प्रयोग कधी चालतात कधी नाही.

उलट दिशेने मात्र काम चालू आहे आणि ते चक्रावून टाकणारं आहे. उंदराच्या आतड्यातला एक कृमी (पाचव्या गटातला) चरबीच्या बारीक पिशव्यांत भरून स्वतःचे छोटे आरएनए आणि सोबत एक वागो आर्गोनॉट बाहेर सोडतो, आणि त्या पिशव्या उंदराच्या पेशींत शिरतात. घरच्या बंदोबस्तातलं हत्यार परक्याच्या घरात! ते तिथे नेमकं काय काय करतं यावर काम चालूय.

---

चैत्रपालवी

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, अंगावर काटा आला. म्हणजे पूर्वजांच्या अनुभवाचे संस्कार सात पिढ्या उतरतात हे आपल्याकडे सांगतात ते खरंच आहे की. माणसातही असंच होत असणार ना?

---

कुलाबा_वारा

@चैत्रपालवी, तुमची भावना कळतेय पण इथे मी थांबवणार, कारण इथूनच लोकांना नको ते विकलं जातं. किड्यात ही आठवण वीस पिढ्या टिकते ती आरडीआरपी दर पिढीत नव्याने छापतं म्हणून. बाईंनी वर सांगितलंच, माणसाकडे ते एन्झाइमच नाही. किड्यातसुद्धा खाऊ घातलेल्या आरएनएआयची आठवण साधारण तीन ते पाच पिढ्यांत पुसली जाते, पीआय-आरएनएने लावलेलं कुलूप जास्त टिकतं. आणि उतरतो तो "अनुभव" नाही, अमुक मेसेज बंद ठेवा एवढीच सूचना.

परिस्थितीचा परिणाम होतो हे मात्र खरं. २०१७ मध्ये दाखवलं की पुष्कळ कॉपींचं एक जीन घातलेले किडे २० ऐवजी २५ डिग्रीला वाढवले तर ते जीन जास्त चमकतं, आणि परत २० ला आणल्यावरही तो फरक चौदा पिढ्यांपर्यंत दिसत राहिला. @शेवटची_लोकल, म्हणून विचारतो, तुझा इन्क्युबेटर खरंच २० ला राहतो का? मे महिन्यात आमच्याकडे लाईट गेली की आम्ही बर्फाचे पॅक ठेवायचो. क्रॉस चालू असताना तापमानाची वही ठेव.

अवांतर: या यंत्रणेला पुढे दुसरीही कामं लागली. एक्स गुणसूत्रावरून येणारा एक पीआय-आरएनए, जो किड्यात सगळ्यात जास्त प्रमाणात सापडतो, तो एक्सओएल-१ या लिंग ठरवणाऱ्या जीनला गप्प ठेवतो, २०१८ चं काम आहे. चोर पकडायला ठेवलेल्या माणसाला घरातली किल्ली सांभाळायला दिली, असं झालं.

---

शेवटची_लोकल

दीड महिन्याने परत येतेय, सॉरी, पण रिकाम्या हाताने यायचं नव्हतं.

आधी तापमान. वही ठेवली. इन्क्युबेटर दिवसा १९.५ ते २०.५, एकदा रात्री लाईट गेली तेव्हा २४ पर्यंत चढला होता, त्या रात्रीच्या प्लेटा बाजूला काढल्या.

मग कुलाबादादांनी सांगितलेला क्रॉस. उणे ८० मधली मूळ स्ट्रेन वितळवली, तिसऱ्या दिवशी मटारचे दाणे परत दिसले, इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. नर मिळवायला वेळ गेला कारण हजारात एखादा-दुसराच नर निघतो, शेवटी पिल्लांना काही तास ३० डिग्रीला ठेवून मिळवले. विझलेले नर, चमकणाऱ्या माद्या (म्हणजे उभयलिंगीच, पण आम्ही माद्याच म्हणतो). पिल्लं चाळीस बघितली, एकही हिरवं नाही. चमकणारी कॉपी आईकडून आलेली आहे हे माहीत असताना समोर नुसता अंधार बघणं फार विचित्र वाटतं.

मग दुसऱ्या एका लॅबने दोन म्यूटंट पाठवले, एक पीआरजी-१ बिघडलेला आणि एक एचआरडीई-१ बिघडलेला. दोन्हींत माझी विझलेली कॉपी क्रॉस करून आणली, प्रत्येक प्लेटचा पीसीआर केला. पीआरजी-१ वाल्यात अंधार तो अंधारच. एचआरडीई-१ वाल्यात पहिल्या पिढीत काही नाही, मी आशा सोडली होती, दुसऱ्या पिढीत शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला अंधाऱ्या खोलीत एकटी बसले होते आणि एका किड्याच्या वळणावरच्या तीन अंडपेशी हिरव्या दिसल्या. फिकट. मी आधी डोळे चोळले, मग फिल्टर बदलून बघितलं की पोटातली नैसर्गिक चमक तर नाही ना (आतड्यातले कण पण हिरवट चमकतात, त्यात बरेच जण फसतात). नव्हती. केंद्रकंच होती. सोमवारपर्यंत त्या प्लेटवरचे निम्म्याहून जास्त किडे चमकत होते.

मार्गदर्शकांना बोलावलं. ते बराच वेळ आयपीसवरून उठलेच नाहीत, मग म्हणाले बारा प्लेटांची जुनी वही घेऊन ये, आणि आम्ही दोघांनी ती पहिल्या पानापासून बसून वाचली. तो तक्ता आता प्रबंधात जाणार आहे.

हार्बरलाईन, तुमच्या प्रश्नातून निघालेला ४०९६ चा हिशोब मी व्हायव्हात वापरणार, परवानगी द्या. गोकर्णबाई, पेटुनियाचं ते चित्र असेल तर पाठवाल का, पहिल्या प्रकरणात लावायचंय.

पीएटीसीवाल्या जीएफपीची ऑर्डर गेलीये. आणि सध्या डोक्यात एकच गोष्ट घोळतेय, आता जे परत हिरवे झालेत त्यांना चालू एचआरडीई-१ परत दिलं तर काय होईल, जुनं कुलूप आठवेल की कोरी पाटी? नर वाढायला ठेवलेत, बुधवारी क्रॉस लावतेय, निकाल इथेच टाकते.

---

कुलाबा_वारा

तीन अंडपेशींचा तो पहिला फोटो आधी टाक. फिकट असला तरी चालेल. आणि बुधवारच्या क्रॉसमध्ये निदान वीस किडे वेगवेगळ्या प्लेटवर ठेव, बारा कमी पडतील.